आभाळातला पाणवठा

रेडिओ म्हटलं की आपल्याला ऐकणं आठवतं. सकाळच्या बातम्या, बाजारभाव, दुपारची गाणी. बोलणारा एक आणि ऐकणारे हजार, अशी आपली समजूत. पण रेडिओचा आणखी एक संसार आहे. तिथं जो ऐकतो तोच बोलतो, आणि त्या बोलण्याचे पैसे कुणी कुणाला देत नाही. या लोकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात, मराठीत हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, स्वतःच्या हाकेचं नाव घ्यायचं, घरात यंत्र आणि गच्चीवर एरियल उभी करायची. मग ज्याचं तोंडही कधी पाहिलेलं नाही अशा माणसाशी गप्पा मारायच्या. भारतातल्या हौशींच्या हाकेचं नाव एरवी ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतं. पुढचा एक आकडा आणि दोन-तीन अक्षरं ज्याची त्याची.

मी कवी माणूस, शिकलो बी.ए.पर्यंत. विजेशी माझा संबंध फ्यूज बदलण्यापुरता. तरी या विषयावर बोलावंसं वाटलं त्याला एक मित्र कारणीभूत आहे. तो परवानाधारक हौशी. शहरातल्या विजेच्या खरखरीला कंटाळून तो कधीमधी सोलापूरहून आमच्या वळसंगला येतो आणि गावाबाहेरच्या माळावर उभा राहतो. एका हातात वॉकीटॉकीएवढा सेट, दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमच्या काड्यांची घरी केलेली एरियल. घड्याळाकडे बघत एरियल दक्षिणेच्या क्षितिजाकडे धरतो, आणि ठरल्या मिनिटाला खरखरीतून टुर्रर्र असा आवाज उमटतो. तो आवाज उपग्रहाचा असतो. आठ-दहा मिनिटं चालतो आणि उपग्रह क्षितिजाआड गेला की विरतो.

मला त्या यंत्रापेक्षा त्यामागची रीत भावली. एकच फ्रिक्वेन्सी, तिच्यावर वेगवेगळ्या देशांचे छोटे उपग्रह, आणि खाली हजारो किलोमीटरच्या परिसरात पसरलेली माणसं. सगळ्यांनी एकाच पाणवठ्यावर यायचं आणि कुणी कुणाची घागर फोडायची नाही. हे कसं जमत आलं आणि पुढं जमेल का, याची गोष्ट सांगतो.

हवा सगळ्यांची, असं आपण सहज म्हणतो. पण हवेतून बोलण्याचा हक्क सगळ्यांना कधीच नव्हता. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या हौशी रेडिओवाल्यांचे परवाने काढून घेतले. पुढं १९४२ साली, ‘चले जाव’च्या दिवसांत, मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. त्यामागं बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी होते. प्रक्षेपणाचं यंत्र उभं करायला नरिमन प्रिंटर यांच्यासारखा, हौशी रेडिओचं तंत्र जाणणारा माणूस लागला. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र मुंबईत या जागेवरून त्या जागेवर हलवत राहिले. ऑगस्टअखेरीपासून जेमतेम अडीच महिने तो आवाज हवेत होता. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलीस येऊन थडकले आणि तो बंद पडला. हौसेनं शिकलेली विद्या वेळप्रसंगी देशाच्या कामी येते, ही त्यातली एक बाजू. परवाना काढून घेतला की आभाळ बंद होतं, ही दुसरी. युद्ध संपल्यावर परवाने पुन्हा मिळू लागले आणि हा छंद हळूहळू पुन्हा रुजला.

आता थेट वर जाऊ. माणसानं पहिला उपग्रह सोडला १९५७ साली, तो रशियाचा स्पुटनिक. त्यानंतर चारच वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, हौशी रेडिओवाल्यांचा स्वतःचा उपग्रह अंतराळात गेला. नाव ऑस्कर-१. कॅलिफोर्नियातल्या काही हौशी मंडळींनी तो घरच्या तळघरांत आणि गॅरेजमध्ये बसून तयार केला होता. वजन साडेचार किलोच्या आसपास. अमेरिकी हवाई दलाचं एक रॉकेट जाणार होतं. तोल साधण्यासाठी त्यात एरवी जे निव्वळ वजन ठेवलं जायचं, त्याच्या जागी हा उपग्रह बसवला. जणू ट्रकमध्ये वाळूच्या पोत्याऐवजी कुणी पेटी ठेवावी.

ऑस्कर-१ फक्त एक शब्द बोलायचा. मोर्सच्या लिपीत चार टिंबं, मग दोन टिंबं, म्हणजे इंग्रजी ‘हाय’. हौशींच्या तारेच्या भाषेत याचा अर्थ हसू असाही होतो. गंमत अशी की उपग्रह आतून तापला की हे हसू जलद व्हायचं आणि थंडावला की संथ. ऐकणाऱ्यानं घड्याळ लावून टिंबं मोजली की अंतराळातल्या त्या डब्याचं तापमान कळायचं. २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशींनी आपल्या नोंदी पाठवल्या. तीन आठवड्यांत बॅटरी संपली. सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी त्याला नव्हतीच.

ऑस्कर-१ ऐकण्यापुरता होता. दुसऱ्याचं बोलणं पुढं पोचवणारा उपग्रह १९६५ साली आला, ऑस्कर-३. खालून एकानं बोलायचं, उपग्रहानं ते उचलायचं आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा खाली टाकायचं. त्या दिवसापासून वाटून घेण्याचा प्रश्न उभा राहिला. उपग्रह एक, बोलणारे शेकडो. पाळी कशी लावायची?

या प्रश्नाची आजवर तीन उत्तरं निघाली.

पहिलं उत्तर आपल्या देशाच्या उपग्रहावरून सांगतो. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ६ या रॉकेटनं कार्टोसॅट-१ बरोबर ‘हॅमसॅट’ नावाचा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह वर नेला. तो खास हौशी रेडिओवाल्यांसाठी इस्रोनं बनवला होता. त्यात बोलणं परतवणारी दोन यंत्रं होती. एक भारतीय, दुसरं हॉलंडमधल्या एका तरुण हौशीनं बनवलेलं. अशा यंत्रावर एकाच वेळी बरेच जण शेजारी शेजारी बोलू शकतात, जसे एका लांब घाटावर दहा जण पाणी भरतात. पण एक मेख आहे. उपग्रहाकडे असलेली वीज मोजकी, आणि ती सगळ्या आवाजांत वाटली जाते. खालून कुणी फार जोर लावून बोललं की उपग्रहाची बरीचशी ताकद त्या एकट्याच्या आवाजावर खर्च होते आणि बाकीच्यांचे आवाज आपोआप दबतात. त्यामुळं इथला शिष्टाचार असा, की ऐकू जाईल एवढ्याच ताकदीनं बोला, त्याहून जास्त नको. जगभरचे हौशी हॅमसॅटवर असे बोलले. त्याचं अपेक्षित आयुष्य दोन वर्षांचं होतं. तो नऊ वर्षं टिकला. जुलै २०१४ मध्ये बॅटरीनं साथ सोडली आणि त्याला निरोप देण्यात आला.

दुसरं उत्तर सोपं, पण कठोर. एका वेळी एकच आवाज. सौदी अरेबियाचा २००२ साली सोडलेला एक छोटा हौशी उपग्रह अशाच पद्धतीचा. त्याला साधा हातातला सेट पुरतो, म्हणून नवशिक्यांची तिथं झुंबड. दोघं एकदम बोलले तर ज्याचा संदेश जोरकस तोच वर पोचतो, दुसरा जणू नव्हताच. मी मुशायऱ्यात वाढलेला माणूस. जुन्या मुशायऱ्यांत शमा ज्याच्यासमोर ठेवली जाई त्यानंच पढायचं, बाकीच्यांनी दाद द्यायची, अशी रीत होती. इथंही तसंच, फक्त शमा दिसत नाही. ती समोर आहे की नाही हे कानांनीच ओळखायचं. म्हणून हौशींचा पहिला धडा असतो, बोलण्याआधी ऐका.

तिसरं उत्तर मला सगळ्यांत देखणं वाटतं, आणि माळावरच्या त्या टुर्रर्र आवाजाचा उलगडाही त्यातच आहे. इथं माणूस तोंडानं बोलत नाही. चार शब्दांचा मजकूर, आपलं नाव, आपलं ठिकाण यांची एक छोटी पुडी बांधायची आणि ती एखाद्या सेकंदात वर फेकायची. उपग्रह ती उचलतो आणि लगेच सगळ्यांसाठी खाली टाकतो. पुडी पोचायला सेकंदभर लागतो, मग ती वाट पुढच्यासाठी मोकळी. आठ-दहा मिनिटांत कितीतरी जणांच्या पुड्या जाऊन येतात. दोन पुड्या एकमेकींवर आदळल्या तर सहसा फुकट जातात, थोड्या वेळानं पुन्हा पाठवायच्या. या पद्धतीला ‘एपीआरएस’ म्हणतात. ती बॉब ब्रुनिंगा या अमेरिकी हौशीनं घडवली. ते अमेरिकेच्या नौदल अकादमीत शिकवत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘पीसीसॅट’ हा उपग्रह ३० सप्टेंबर २००१ रोजी अंतराळात गेला. त्याच्या एरियल कशाच्या होत्या? हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पोलादी मोजपट्टीच्या. पट्टी दुमडून ठेवायची आणि वर गेल्यावर ती आपोआप ताठ व्हायची.

ब्रुनिंगांचा आग्रह असा, की प्रत्येक छोट्या उपग्रहानं आपली वेगळी चूल मांडू नये. सगळ्यांनी १४५.८२५ मेगाहर्ट्‌झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर यावं आणि एकाच सामायिक हाकेला ओ द्यावी. म्हणजे खालच्या माणसाला आता डोक्यावर कोणाचा उपग्रह आहे हे माहीत नसलं तरी चालेल. जो असेल तो निरोप पोचवेल. यात तांत्रिक शहाणपणही आहे. होटगी जंक्शनवर उभं राहिलं तर येणाऱ्या गाडीची शिट्टी बारीक ऐकू येते आणि पुढं गेली की जाड होते. सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणाऱ्या उपग्रहाच्या लहरींचंही तसंच होतं. या फ्रिक्वेन्सीवर तो फरक इतका थोडा असतो की सेटची कळ फिरवत बसावं लागत नाही. शिवाय उपग्रह क्षितिजाआड गेला की त्याची जागा मोकळी होते आणि दुसरा उगवतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकानंही अनेक वर्षं याच फ्रिक्वेन्सीवर पुड्या परतवल्या. ब्रुनिंगा २०२२ साली गेले.

या पाणवठ्यावर भारताची वाट दोनदा येऊन मिळते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ ही आपली दुर्बीण घेऊन गेलेल्या पीएसएलव्हीनं इंडोनेशियाचा ‘लापान-ए २’ हा उपग्रहही वर नेला. त्यात हौशींसाठी बोलण्याची आणि पुड्यांची अशा दोन्ही सोयी होत्या. त्याची कक्षा विषुववृत्ताला धरून, म्हणून आमच्याकडून तो दक्षिणेच्या आभाळात दिसायचा. दिसायचा म्हणजे ऐकू यायचा. दुसरी गोष्ट १ एप्रिल २०१९ ची. पीएसएलव्ही-सी ४५ नं एमिसॅट हा मुख्य उपग्रह आणि परदेशांचे २८ छोटे उपग्रह कक्षेत सोडले. रॉकेटचा चौथा टप्पा काम संपल्यावर एरवी अंतराळातल्या भंगारात जमा होतो. या खेपेला इस्रोनं त्याला सौरपट्ट्या लावून कामाला जुंपलं. त्यावर ‘ॲमसॅट इंडिया’ या हौशींच्या संस्थेचं पुड्या परतवणारं यंत्र बसवलं होतं, त्याच १४५.८२५ वर. पहिल्या ऑस्करला वाळूच्या पोत्याची जागा मिळाली होती. आपल्या हौशींनी भंगाराची जागा मागून घेतली.

छोट्या उपग्रहांचं हे युग आलं त्याला एक माप कारण आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी, बॉब ट्विग्ज आणि जॉर्डी प्वीग-सुआरी यांनी, विद्यार्थ्यांसाठी दहा सेंटिमीटरचा घन हे उपग्रहाचं माप ठरवलं. गुळाच्या छोट्या ढेपेएवढा उपग्रह. मग कॉलेजं पुढं सरसावली. आपल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी २००८ साली ‘स्वयम्’चं काम हाती घेतलं. एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडायची, दुसरी तिचं काम उचलायची. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३४ नं वीस उपग्रह नेले, त्यांत किलोभराहून थोडा हलका ‘स्वयम्’ होता. त्यात तोंड फिरवायला इंधन नाही की मोटर नाही. होकायंत्राच्या सुईसारखा तो चुंबकाच्या आधारानं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घ्यायचा. त्याचं काम पोस्टमनचं. एका हौशीचा निरोप घ्यायचा, पोटात ठेवायचा आणि दुसऱ्या गावावरून जाताना दुसऱ्या हौशीला द्यायचा. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ही वर गेला.

कुणी म्हणेल, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर आमच्या भागाला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, किल्लारीची जमीन हलली. तो हादरा आम्हाला वळसंगातही जाणवला. अंगणात येऊन उभे राहिलो, पण कुठं काय झालंय हे कुणालाच कळेना. मराठी, कन्नड, उर्दू, सगळ्या भाषांतून एकच प्रश्न विचारला जात होता. नातेवाइकांची खबर मिळायला लोकांना प्रत्यक्ष तिथवर जावं लागलं. पुढं २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा अंदमानात पोर्ट ब्लेअरला हौशी रेडिओवाल्यांचं एक पथक आधीच मुक्कामी होतं. भारती प्रसाद त्याच्या प्रमुख. गेले होते ते हौसेखातर, दूरच्या बेटावरून जगाशी बोलायला. फोन बंद पडले आणि त्या हौसेचं रूपांतर एका रात्रीत सेवेत झालं. अमका सुखरूप आहे, तमक्याचा शोध चालू आहे, असे निरोप त्यांनी दिवसेंदिवस मुख्य भूमीवर पोचवले. अशा वेळी एका सेकंदात जाणारी चार शब्दांची पुडीही घरच्यांना पुरेशी असते.

पाणवठ्यावर आता गर्दी वाढली आहे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी आपल्याच एका रॉकेटनं एका खेपेत १०४ उपग्रह सोडले. तेव्हापासून आभाळातली दाटी कितीतरी पटींनी वाढली. हौशींच्या पट्ट्यात धंदा करायला बंदी आहे आणि सांकेतिक भाषेत लपवून बोलायलाही. जे बोलायचं ते उघड, सगळ्यांना कळेल असं. तरी फुकटच्या जागेचा मोह व्यापारी उपग्रहवाल्यांना पडतो. दोन उपग्रहांची टक्कर होऊ नये म्हणून हौशींची आंतरराष्ट्रीय संघटना कुणी कुठं बोलायचं याची जुळणी करते, आणि ते काम करणारी माणसंही स्वयंसेवकच. २०१९ साली युरोपात असा प्रस्ताव पुढं आला होता, की १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ या हौशींच्या पट्ट्याचा विमानांसाठी उपयोग करण्याचा अभ्यास व्हावा. आपलं १४५.८२५ याच पट्ट्यात बसतं. देशोदेशींच्या हौशींनी विरोध केला आणि तो प्रस्ताव मागं पडला. त्याच वर्षीच्या जागतिक रेडिओ परिषदेनं अल्पायुषी छोट्या उपग्रहांसाठी या पट्ट्याबाहेर वेगळी जागा ठरवली. सध्यापुरतं निभावलं.

पाणवठा हा शब्द मी मघापासून वापरतोय, पण आमच्या वळसंगात हा शब्द जपून वापरावा लागतो. गावच्या पाण्यावर सगळ्यांचा हक्क असं म्हणणं सोपं असतं. इथल्या दलित बांधवांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तेव्हा त्यांनी आपल्या कष्टानं स्वतःची विहीर खोदली. १९३७ साली तिच्या उद्घाटनाला खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्या गावी आले होते. ती विहीर आम्हाला शिकवते की सामायिक म्हटलं जाणारं पाणी आपोआप सामायिक होत नाही. हक्क कागदावर लागतो, आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाला बाजूला सरून जागा देण्याची रीतही लागते. कागद नसेल तर बळवंत पाणी पळवतो. रीत नसेल तर कागद असूनही गढूळच पाणी वाट्याला येतं.

हौशी रेडिओचा हा पाणवठा निदान एका बाबतीत चांगला निघाला. इथं जात, धर्म, गाव कुणी विचारत नाही. हाकेचं नाव विचारतात आणि आवाज कसा पोचतोय ते सांगतात. आपल्याकडे वयाच्या बाराव्या वर्षापासून या परवान्याची परीक्षा देता येते. पुण्या-मुंबईच्या मुलांनी उपग्रह बनवून दाखवले, ते कौतुकाचंच. पण ही परीक्षा असते हेच आमच्या तालुक्यातल्या किती शाळांना ठाऊक आहे? एखाद्या विज्ञान शिक्षकानं दोन मुलं तयार केली, एक जुनी मोजपट्टी कापून एरियल केली आणि एखाद्या परवानाधारकाला शाळेत बोलावलं, तरी सुरुवात होईल. पुढच्या वेळी एखादी जागतिक परिषद हा पट्टा कुणाला द्यायचा याचा विचार करायला बसेल, तेव्हा तिथं मोजले जातील ते वापरणारे. त्यांत दक्षिण सोलापूरचीही दोन-चार नावं असावीत.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)